वायरिंगचा ठेका आणि हातात उरणारा पैसा: छोट्या ठेकेदारासाठी हिशेबाची पद्धत

२०१९ च्या दसऱ्याला माझ्या चालू खात्यात तीन लाख चाळीस हजार रुपये होते. नाशिकमध्ये दोन बंगल्यांची वायरिंग चालू होती आणि तिसऱ्या बंगल्याची आगाऊ रक्कम नुकतीच जमा झाली होती. मुहूर्त चांगला होता म्हणून मी जुना टेम्पो घेतला, एक लाख ऐंशी हजार मोजून दिले. धनत्रयोदशीला तारेच्या दुकानदाराचा फोन आला, "भाऊ, मागचे दोन लाख दहा हजार कधी देताय?" त्याच आठवड्यात पोरांचा बोनस होता. बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून ती दिवाळी काढली.

कामं कमी नव्हती, गिऱ्हाईकही पैसे बुडवणारं नव्हतं. खात्यातले ते पैसे माझे नव्हते, एवढंच मला कळलं नव्हतं. त्यात तिसऱ्या बंगल्याच्या पाइपांचे आणि तारेचे पैसे होते, सरकारचा जीएसटी होता, दुकानदाराची उधारी होती. माझा नफा किती, असं त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालत मी आठ वर्षं धंदा केला होता.

त्यानंतर मी हिशेबाची जी पद्धत बसवली ती इथे सविस्तर मांडतो. दोन ते दहा माणसं हाताखाली असलेल्या कुठल्याही ठेकेदाराला ती चालेल, मग तो प्लंबिंग करो, रंगकाम करो, पीओपी करो की फरशी बसवो. उदाहरणं माझ्या वायरिंगच्या धंद्यातली आहेत. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. तुम्ही तुमचे घाला.

माणसाचा दिवस खरा कितीला पडतो

सगळं इथून सुरू होतं, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. समजा वायरमनला महिना २४,००० रुपये पगार आहे. आपण तोंडी हिशेब करतो: तीसने भागा, ८०० रुपये रोज. कोटेशनमध्येही तेच ८०० धरतो. आता कागद घ्या आणि वर्षाचा हिशेब मांडा.

बारा महिन्यांचा पगार २,८८,०००. दिवाळीचा एक पगार २४,०००. चहा-नाश्ता आणि पेट्रोल मिळून हजेरीच्या दिवसाला १०० रुपये, २८० दिवसांचे २८,०००. अपघात विमा, बूट, हातमोजे, टेस्टर-पक्कड, ड्रिलचे बिट, कटरची पाती मिळून १४,०००. एकूण ३,५४,०००.

या पैशांत त्याचे किती दिवस विकले जातात? ३६५ मधून ५२ रविवार गेले. गणपती, दसरा, दिवाळी, पाडवा वगैरे १३ दिवस. गावाकडची लग्नं, शेतीची कामं, आजारपण यांचे २०. उरले २८०. पण या २८० दिवसांतही गवंड्याचं प्लास्टर झालेलं नाही म्हणून परत आलेले दिवस असतात, माल वेळेवर न पोचल्याने बसून काढलेले दिवस असतात, जुन्या साईटच्या तक्रारीवर आणि महावितरणच्या कार्यालयात गेलेले दिवस असतात. मी वर्षभर डायरीत टिपून पाहिलं तर असे चाळीसेक दिवस निघाले. म्हणजे गिऱ्हाईकाच्या बिलात धरता येतील असे २४०.

३,५४,००० भागिले २४०. उत्तर १,४७५.

आठशेचा माणूस पावणेपंधराशेला पडतो. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी तीन वेळा कॅल्क्युलेटर मारला होता. हेल्परचा पगार १५,००० असेल तर याच पद्धतीने, हत्यारांचा खर्च थोडा कमी धरून, तो ५०० ऐवजी साधारण ९७० ला पडतो. वायरमन आणि हेल्पर अशी जोडी धरली तर दिवसाला २,४५० रुपये.

तुमच्याकडे पगार नसून रोजंदारी असेल तर न आलेल्या दिवसाचे पैसे जात नाहीत, पण बोनस, पेट्रोल, हत्यारं आणि रिकामे गेलेले हजेरीचे दिवस तरीही मोजावे लागतात. रोजंदारीतही ८०० चे किमान हजार-अकराशे होतात.

साईटवर न दिसणारा खर्च

गाळ्याचं भाडं ९,०००. वीज, फोन, इंटरनेट २,५००. टेम्पो-दुचाकीचा हप्ता आणि डिझेल ११,०००. सीए आणि हिशेब लिहिणारा ४,०००. परवान्याची फी, विमा, मशीनची दुरुस्ती महिन्याला वाटून ३,५००. हे झाले ३०,०००.

यात स्वतःचा पगार घालायचा. हे सांगितलं की बरेच जण म्हणतात, "माझा कसला पगार, नफा तोच माझा." इथे मी हट्टाने सांगेन: तुम्ही उद्या आजारी पडलात आणि तुमच्या जागी साईट बघणारा, कोटेशन देणारा, माल आणणारा माणूस ठेवावा लागला तर तो काय घेईल, तेवढा तुमचा पगार. मी ४५,००० धरतो. तो न धरता काढलेला नफा म्हणजे तुमचीच न मिळालेली मजुरी असते. घर त्या पगारावर चालवायचं, चालू खात्यातून वाट्टेल तेव्हा उचलायचं नाही.

एकूण महिना ७५,०००, वर्षाचे नऊ लाख. माझ्याकडे तीन जोड्या आहेत, म्हणजे वर्षाला ७२० जोडी-दिवस. नऊ लाख भागिले ७२०, दर जोडी-दिवसाला १,२५० रुपये. २,४५० मध्ये ते मिळवले की ३,७००. माझी एक जोडी एक दिवस साईटवर उभी राहिली की नफा न धरता ३,७०० रुपये खर्च झाले. हा आकडा मी गाळ्याच्या भिंतीवर लिहून ठेवलाय, आणि दर एप्रिलला पगार वाढले की पुसून नवा लिहितो.

कोटेशन: १.४१ लाख आणि १.८५ लाख यांतला फरक

दोन बेडरूमच्या जुन्या फ्लॅटचं पूर्ण रीवायरिंग घेऊ, मालासकट. पाइप, बॉक्स, तार, मॉड्युलर स्विच-प्लेट, डीबी (घरभर वीज वाटणारी मुख्य पेटी), एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) मिळून माल ९२,०००. काम एका जोडीचं १६ दिवसांचं.

माझी जुनी पद्धत अशी होती. माल ९२,०००. मजुरी १६ दिवस गुणिले १,३००, म्हणजे २०,८००. बेरीज १,१२,८००. त्यावर २५ टक्के नफा, झाले १,४१,०००. मनात हिशेब पक्का, की अठ्ठावीस हजार सुटले.

आता खरा हिशेब. माल ९२,०००. तुकड्यांची नासाडी, गाडीभाडं आणि जिन्यावरून माल चढवणं मिळून ६,०००. मजुरी १६ गुणिले २,४५०, म्हणजे ३९,२००. न दिसणारा खर्च १६ गुणिले १,२५०, म्हणजे २०,०००. एकूण १,५७,२००. म्हणजे १,४१,००० ला घेतलेल्या कामात अठ्ठावीस हजार सुटत नव्हते, सोळा हजार दोनशे जात होते. माल, मजुरी आणि गाडीभाडं दिल्यावर हातात ३,८०० राहत होते, आणि सोळा दिवसांचं गाळ्याचं भाडं, टेम्पोचा हप्ता, घरचा किराणा त्यातच बसवायचा होता. तो बसत नव्हता म्हणून पुढच्या साईटच्या पैशाला हात लागत होता.

आता नफा धरायचा. मला विक्रीवर १५ टक्के हवेत. इथे एक नेहमीची गफलत होते. १,५७,२०० मध्ये १५ टक्के मिळवले तर १,८०,७८० होतात, पण हा नफा विक्रीच्या १३ टक्केच भरतो. विक्रीवर १५ हवे असतील तर खर्चाला ०.८५ ने भागायचं: १,८४,९४१, म्हणून १,८५,०००. फरक चार हजारांचा आहे, पण वर्षात अशी पंचवीस कामं केली तर एक लाख.

जीएसटी याच्या वर आणि वेगळा दाखवायचा. माल आणि मजुरी एकत्र असलेलं असं काम वर्क्स कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे सेवेत मोडतं आणि त्यावर १८ टक्के कर आहे. सेवेसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल ही आहे. मालविक्रीची ४० लाखांची मर्यादा आपल्याला लागू आहे असं समजून कित्येक जण गाफील राहतात. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल तर मालावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. तो मालाच्या खर्चातच धरा.

कोटेशनच्या तळाला मी चार गोष्टी लिहितोच. दर किती दिवस बांधील आहे: माझ्याकडे दहा दिवस, कारण तारेचा भाव तांब्यावर चालतो आणि तांबं आंतरराष्ट्रीय बाजारावर आणि डॉलरवर. तारेचा दर कुठल्या तारखेच्या दरपत्रकाचा धरलाय. कामात काय धरलेलं नाही: झिऱ्या (पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवणं, रंग, पंखे-झुंबर बसवणं, महावितरणची फी. आणि वाढीव पॉइंटचा दर. या चार ओळींनी वाचवलेले पैसे मी मोजलेले नाहीत, पण यांच्याशिवाय आता कोटेशन देत नाही.

"राउंड फिगर करा ना"

गिऱ्हाईक म्हणतं, "एक पंच्याऐंशी जास्त होतात हो, एक सत्तर करा." पंधरा हजार म्हणजे बिलाच्या आठच टक्के. पण नफा आहे २७,८००. त्यातले पंधरा गेले की राहिले १२,८००. आठ टक्के सूट देताना निम्म्याहून जास्त नफा गेला.

दर कमी करायची वेळ आलीच तर काम कमी करा. "काका, एक सत्तरमध्ये बसवतो. बाल्कनीतले आणि पॅसेजमधले पॉइंट आत्ता नको, फक्त पाइप टाकून ठेवतो. स्विच-प्लेट या कंपनीच्या ऐवजी त्या कंपनीच्या घेऊ." गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात आणि तुमचा दर शाबूत राहतो. तार मात्र हलकी करू नका, जाडीही उतरवू नका. एसीच्या आणि गिझरच्या लाइनला चारऐवजी अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) तार ओढून वाचवलेले पैसे कधी ना कधी जळक्या वासाच्या तक्रारीतून परत जातात, आणि त्या घरात माणसं राहतात.

नाही म्हणायलाही शिकावं लागतं. एखाद्या कामात भिंतीवरचे ३,७०० निघत नसतील तर ते दुसऱ्याला जाऊ द्या. फक्त पोरं रिकामी बसणारच असतील, पुढचे दहा दिवस काम नाहीच अशी वेळ असेल, तर २,४५० च्या वर जे मिळेल ते घ्या. गाळ्याच्या भाड्याला तेवढा टेकू मिळतो. पण हे वर्षातून दोनदा करायचं, सवय लावायची नाही.

हप्ते कसे पाडायचे

घरगुती कामात माझे हप्ते असे: माल टाकण्याआधी ४० टक्के, तार ओढून झाली की ३०, स्विच-प्लेट आणि डीबी बसवण्याआधी २५, टेस्टिंग करून चावी दिली की ५.

तिसरा हप्ता कुठे ठेवलाय ते बघा. तार ओढली, प्लास्टर झालं, रंग झाला. आता घरमालकाला लाइट लागलेला बघायचाय, वास्तुशांतीची तारीख ठरलीय. त्या वेळी पैसे मागितले तर दोन दिवसांत येतात. सगळं लावून दिल्यावर मागितले तर "पुढच्या आठवड्यात या" सुरू होतं. हे कुणाच्या वाईटपणामुळे होत नाही. नवं घर लावताना प्रत्येकाचा हात आखडलेला असतो आणि ज्याचं काम संपलं त्याचा नंबर शेवटी लागतो.

रकमा कामाच्या टप्प्याला बांधा, तारखेला नको. तारीख आपल्या हातात नसते, गवंड्याच्या असते.

प्रत्येक साईटचं एक पान

नफा कोटेशनमध्ये धरला तरी साईटवर तो गळतो, आणि कुठे गळतोय हे काम चालू असतानाच कळायला हवं. मी दोनशे पानी वही घेतो. एका साईटला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे कोटेशनमध्ये धरलेलं: माल किती, जोडी-दिवस किती, गाडीभाडं किती. उजवीकडे रोज संध्याकाळी झालेलं: आज कोण होतं, माल कुठून किती आला, बिल नंबर, किरकोळ खर्च. पाच मिनिटांचं काम आहे. मोबाइलमध्ये केलं तरी चालेल, पण रोज व्हायला हवं. आठवड्याने आठवून लिहिलं की हजेरी चुकते.

सगळ्यात लवकर इशारा देणारा आकडा म्हणजे जोडी-दिवस. मालाचं बिल फार चुकत नाही, दिवस चुकतात.

मागच्या वर्षी एका बावीस वर्षं जुन्या इमारतीत रीवायरिंग घेतलं, सोळा दिवस धरलेले. सहाव्या दिवशी संध्याकाळी पान बघितलं तर झिऱ्या निम्म्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या, खरं तर त्या चार दिवसांत संपायला हव्या होत्या. सकाळी लवकर साईटवर गेलो. स्वयंपाकघराची आतली भिंत विटांची समजून आम्ही धरली होती, ती निघाली आरसीसीची. कटरच्या पात्यातून ठिणग्या उडत होत्या, अर्ध्या इंचावर सळई दिसत होती. वायरमन बिचारा दोन दिवस त्याच भिंतीशी झुंजत होता आणि मला सांगायला बिचकत होता. काम तिथेच थांबवलं. आरसीसी फोडायचं नसतंच. घरमालक काकांना बोलावून भिंत दाखवली, ट्रॉलीच्या वरून फॉल्स सीलिंगमधून लाइन फिरवायचा मार्ग सांगितला आणि त्याचे साडेसात हजार जास्त होतील म्हटलं. भिंत त्यांच्या डोळ्यासमोर होती, ते लगेच हो म्हणाले. काम सतराव्या दिवशी संपलं. पान लिहिलं नसतं तर मला हे बाराव्या-तेराव्या दिवशी कळलं असतं, आणि तेव्हा पैसे मागायला तोंड राहिलं नसतं.

तेव्हापासून कोटेशनच्या आधी भिंतींवर हातोडीने ठोकून आवाज ऐकतो.

मालाची गळती पानावर वेगळी दिसते. तारेचं बंडल ९० मीटरचं. डाव्या पानावर नऊ बंडलं असतील आणि उजवीकडे अकरा आली असतील तर दोन गेली कुठे हे त्याच दिवशी विचारा. बहुतेक वेळा चोरी नसते. लाइन आखताना सरळ मार्ग धरला नाही, किंवा बॉक्समध्ये गरजेपेक्षा जास्त तार सोडून नंतर कापली. न फोडलेली बंडलं, सीलबंद एमसीबी, जादा बॉक्स काम संपल्यावर चार दिवसांत दुकानात परत करा. गाळ्याच्या कोपऱ्यात पडलेला माल म्हणजे अडकलेले पैसे. माझ्या गाळ्यात एकदा मोजला तर बासष्ट हजारांचा निघाला, त्यातल्या निम्म्या स्विचची मॉडेलं बंद झाली होती.

तांब्याच्या तुकड्यांचं भंगार कुणाचं, हे आधी ठरवून टाका. माझ्याकडे ते पोरांच्या दिवाळीच्या डब्यात जातं, आणि तो डबा सगळ्यांसमोर उघडतो. तार मुद्दाम कापायचा मोह त्यामुळे संपला, उलट एक जण दुसऱ्याला टोकू लागला.

उचलही त्याच वहीत, मागच्या पानांवर. कुणी किती घेतली, कधी घेतली, पगारातून किती वळती झाली, शेजारी सही. आईच्या आजारपणाला पैसे लागले तर द्यायलाच हवेत. पण दोन पगारांच्या वर उचल गेली की माणूस परत फेडू शकत नाही आणि लाजेने काम सोडून जातो. आपले पैसे जातात आणि चांगला कारागीरही.

वाढीव काम

"दादा, इथे टीव्हीच्या मागे एक पॉइंट वाढवाल ना?" वायरमन ताईंना नाही म्हणत नाही, आणि म्हणूही नये. तो फक्त मला फोटो पाठवतो. मी त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो: "ताई, हॉलमध्ये टीव्हीमागे १ पॉइंट वाढीव, कोटेशनमधल्या दराने १,२५०. हो असल्यास कळवा." "हो" आलं की काम. शेवटी यादी जोडून बिल. पूर्वी मी असले दहा-बारा पॉइंट तोंडी करून शेवटी एकदम मागायचो, गिऱ्हाईकाला धक्का बसायचा आणि वाद व्हायचा. आता रोजच्या रोज कळत असल्याने कुणी कुरकुर करत नाही. काही जण तर स्वतःच दोन पॉइंट कमी करतात.

पैसे आले की त्याच दिवशी वाटणी

आपल्या घरात आजीचे डबे असायचे, किराण्याचा वेगळा, शाळेच्या फीचा वेगळा. बँकेत तीन खाती काढा: चालू खातं, कराचं खातं, नफ्याचं खातं.

वरच्या १,८५,००० च्या फ्लॅटचा पहिला हप्ता ७४,००० आणि जीएसटी १३,३२०, असे ८७,३२० जमा झाले. त्याच दिवशी १३,३२० कराच्या खात्यात. सेवेमध्ये आगाऊ रकमेवरसुद्धा जीएसटी लागू होतो, काम संपेपर्यंत थांबता येत नाही. मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते हे खरं. ती महिन्याचं विवरण भरताना वळती करून उरलेले पैसे परत चालू खात्यात आणा. दुकानदाराने त्याचं विवरण वेळेवर भरलं नाही तर ती वजावट तुम्हाला पोर्टलवर दिसत नाही, म्हणून दोन-चार रुपये स्वस्त देणाऱ्यापेक्षा वेळेवर विवरण भरणारा दुकानदार धरा.

मग ७४,००० च्या १५ टक्के नफा नफ्याच्या खात्यात लगेच टाकू नका. काम अजून व्हायचंय. मी ५ टक्के टाकतो, आणि साईटचं पान मिटताना खरा नफा काढून बाकीचा. त्या खात्याला महिना-दोन महिने हात लावायचा नाही. पहिलं ध्येय, दोन महिन्यांचे पगार आणि भाडं त्यात साठवणं. त्यानंतर नवं मशीन, टेम्पो, पोराची फी, जे असेल ते.

आयकराबद्दल एक सांगतो. दोन कोटींच्या आतल्या उलाढालीवर अंदाजे नफ्याची योजना आहे: रोखीवर किमान ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा धरून कर भरायचा, हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. सोय चांगली आहे, मीही घेतो. पण त्यामुळे कित्येक ठेकेदारांना आपला खरा नफा आयुष्यभर कळत नाही. विवरण योजनेप्रमाणे भरा, पण वहीत जे आहे ते लिहा.

बिल्डरचं काम घेण्याआधी

दर कमी पण काम सलग, हे आकर्षण असतं, आणि तीन जोड्या वर्षभर गुंतून राहतात हा खरा फायदा आहे. मात्र इथे नफा कागदावर आणि पैसा बाहेर अडकलेला असतो. माझे एका बिल्डरकडे चार लाख दोन वर्षं अडकले होते. शेवटी तीन लाख दहा हजारांवर तडजोड केली.

आता मी आधी महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर तो प्रकल्प बघतो: पूर्ण करायची तारीख किती वेळा पुढे ढकललीय, कोर्टाची प्रकरणं आहेत का. मग त्याच्याकडचा प्लंबर आणि फरशीवाला यांना चहा पाजतो. त्या चहात जे कळतं ते कुठल्याही कागदावर नसतं.

करारात तीन गोष्टी वाचा. एक, रिटेन्शन: प्रत्येक बिलातून ५ टक्के कापून ठेवले तर ते कधी परत मिळणार, तारखेसकट. बिल पूर्ण रकमेचं केलं तर जीएसटी पूर्ण रकमेवर जातो, म्हणजे हातात न आलेल्या पैशांचाही कर तुम्ही भरता. दोन, दोषदुरुस्ती: रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेले कामाचे दोष बिल्डरला फुकट दुरुस्त करावे लागतात, आणि तो ती जबाबदारी तुमच्या करारात ढकलतो. पाच वर्षं मान्य करायची असतील तर दरात धरा, नाहीतर एक वर्षावर अडून बसा. तीन, बिल तपासायला किती दिवस आणि त्यानंतर पैसे किती दिवसांत.

बिलातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, कापला जातो, ठेकेदार वैयक्तिक मालकीचा असेल तर १ टक्का. तो पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का, हे दर तिमाहीला बघा.

उद्यम नोंदणी फुकट आहे, करून ठेवा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, उशिराला चक्रवाढ व्याज, असा २००६ चा कायदा आहे. पण माल-मजुरी एकत्र असलेल्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला तो लागू होत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत, त्यामुळे त्याच्या भरवशावर उधारी वाढवू नका. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. जुन्या येण्यांच्या तारखा वहीत लाल पेनने लिहून ठेवा. माझा नियम असा, की एका बिल्डरकडे माझ्या दोन महिन्यांच्या पगार-भाड्यापेक्षा जास्त येणं झालं की पोरं दुसऱ्या साईटवर.

वर्षाचा ताल

पाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या वास्तुशांतींसाठी फेब्रुवारी-मार्चला धावपळ, मेमध्ये पोरं गावी, जून-जुलैत पेरणी आणि पाऊस, पितृपक्षात नवं काम कुणी सुरू करत नाही, मग दसरा-दिवाळीला पुन्हा मरणाची घाई. दरवर्षी हे असंच होतं आणि दरवर्षी आपण जुलैत पैसे नाहीत म्हणून कमी दराने काम धरतो. नफ्याच्या खात्यातले ते दोन महिने याच काळासाठी आहेत. मी पावसाळ्यात जुन्या गिऱ्हाईकांना अर्थिंग आणि डीबी तपासणी सुचवतो. छोटं काम असतं, पण पैसे त्याच दिवशी मिळतात आणि त्यातून दिवाळीची रीवायरिंगची कामं निघतात. किरकोळ दुरुस्तीला मात्र किमान अर्ध्या दिवसाचा आकार लावतो. दोनशे रुपयांच्या स्विचसाठी वायरमन पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आला तर त्याची अर्धी हजेरी गेलेली असते.

काम संपलं तरी साईटचं पान मी वर्षभर मिटवत नाही. तक्रारीवर गेलेला प्रत्येक फेरा त्याच पानाच्या तळाला लिहितो. आरसीसी भिंत निघालेल्या त्या फ्लॅटच्या पानावर आत्तापर्यंत दोन फेरे आहेत, एक सैल न्यूट्रलचा आणि एक घंटीचा, मिळून पाऊण दिवस. तो वजा करून तिथला नफा सव्वीस हजार सातशे आहे, आणि मार्चमध्ये ते पान मिटेल.